शिल्लक घटली म्हणजे पुढाऱ्यांनी खाल्ली?

जळगाव-भुसावळकडच्या कामगारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘300 सभासद, महिना 100 रुपये, म्हणजे वर्षाला 3,60,000. दोन वर्षांत युनियनची शिल्लक निम्म्यावर आली. पुढाऱ्यांनी खाल्ली. संपात पैसे वाटले तेही बेकायदा. हिशेब कोणी बघतच नाही.’

गुणाकार बरोबर, 300 चुकीचे. नोंदवहीतला प्रत्येक सभासद वर्गणी भरत नाही. कायम कामगाराची वर्गणी त्याच्या लेखी संमतीने पगारातून कापता येते. एमआयडीसीतल्या चटई किंवा पाइपच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराकडून ती बहुधा गेटवर रोखच घ्यावी लागते. ठेकेदार बदलला की माणसं पांगतात, नावं वहीत राहतात. म्हणून पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती मोजाव्यात. समजा 190 जणच भरतात. मग जमा 2,28,000. उरलेले 1,32,000 कोणी खाल्ले नाहीत, ते आलेच नव्हते.

खरी गफलत दोनच वर्षं शेजारी ठेवण्यात आहे. पगारवाढीचा करार झाला की फरकाच्या रकमेतून अनेक युनियन एकरकमी वर्गणी, म्हणजे करारवर्गणी, घेतात. त्या वर्षी शिल्लक फुगते. पुढची तीन-चार वर्षं तीच पुरवायची असते. मध्येच कोणाला बडतर्फ केलं की लेबर कोर्ट. मालक हायकोर्टात गेला की औरंगाबाद खंडपीठ, म्हणजे प्रत्येक तारखेला संभाजीनगरची वारी. वकिलाची फी, टायपिंग, झेरॉक्स, गाडीभाडं, साक्षीदाराचा बुडालेला रोज. तेव्हा एका करारापासून पुढच्या करारापर्यंतची सगळी वर्षं एकाच कागदावर मांडा. वर्गणी, करारवर्गणी आणि ठेवीवरचं व्याज वेगवेगळ्या रकान्यांत हवं, नाहीतर घट कशामुळे झाली ते कळतच नाही.

संपातल्या मदतीचं म्हणाल, तर 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम 15 नुसार तंट्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई सभासदांना सर्वसाधारण निधीतून देता येत होती. राजकीय खर्चाला मात्र वेगळा निधी, आणि त्याची वर्गणी ऐच्छिक. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही राजकीय निधी वेगळा आणि ऐच्छिकच ठेवला आहे; सर्वसाधारण निधी कशावर खर्चायचा ते मात्र नियमांवर सोडलं आहे.

‘कोणी बघत नाही’ हे अर्धं खरं. वार्षिक विवरण कामगार संघटनांच्या निबंधकाकडे जातं, वह्या बघायचा हक्क सभासदालाही आहे. अर्ज करणारे मात्र विरळा. अर्ज केलाच, तर आधी पावतीपुस्तकांचे अनुक्रमांक लावून बघा, मधलं एखादं पुस्तक गायब आहे का. मग ‘प्रवासखर्च’ या एकाच ओळीतली मोठी रक्कम: तिच्यामागे तारीख आणि तिकीट आहे का. शेवटी ठेवीची पावती कोणाच्या नावावर आहे, युनियनच्या की खजिनदाराच्या.