गिरण्या युनियननेच खाल्ल्या का? भोसरीच्या वाचकांना उत्तर

भोसरीहून ज्यांनी खरमरीत प्रतिक्रिया लिहिलीय त्यांना हे उत्तर. खालीच टाइप करायला बसलो होतो पण लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की कारखान्यात युनियन झाली म्हणून मालकाने बिथरू नये, कामगार ज्याचं ऐकतात त्याच माणसाला समोर बसवून करार करावा, शेवटी तेच स्वस्त पडतं. त्यावर या साहेबांचं म्हणणं असं की, तुम्ही एचआरवाले दुसऱ्याच्या पैशावर गोड बोलता. माझे वडील लालबागला गिरणीत होते, 1982 च्या गिरणी संपात घर बसलं आणि आम्ही सगळे गावी गेलो, युनियननेच मुंबईच्या गिरण्या खाल्ल्या. आज माझ्या वर्कशॉपमध्ये 40 पोरं आहेत, अर्धी कंत्राटी, एक वाद नाही. उद्या बाहेरचा पुढारी येऊन गेटवर झेंडा लावून गेला तर तुमचा लेख काय कामाचा? नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही हे दोन्ही बाजूंना माहितीय.

साहेब, वडिलांबद्दल जे लिहिलंय त्यावर मी वाद घालणार नाही, ज्या घराने ते दिवस काढले त्यांना मी काय सांगणार. पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलाय तो मला पटत नाही, कारण 82 ची गोष्ट तुम्ही 18 जानेवारीपासून, म्हणजे संप सुरू झाला त्या दिवसापासून, सुरू करताय आणि खरी भानगड त्याच्या आधीची आहे.

गिरण्यांना तेव्हा 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता, बीआयआर म्हणायचे सगळे. त्या कायद्यात एका भागातल्या एका धंद्यात एकच 'प्रातिनिधिक' युनियन, आणि त्यासाठी सभासद किती लागायचे, तर फक्त 25 टक्के. गुप्त मतदान वगैरे काही नाही, पावत्या आणि रजिस्टर बघून निबंधक ठरवणार. मुंबईच्या गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, इंटकवाल्यांकडे, म्हणजे काँग्रेसच्या कामगार संघटनेकडे. एकदा ते स्टेटस मिळालं की मालकाशी बोलणार तेच, कोर्टात उभे राहणार तेच आणि करारावर सही करणार तेच. उरलेले 75 टक्के त्यांना मानतात की नाही हा प्रश्नच कायद्याने निकालात काढला होता.

1981 च्या दिवाळीला बोनसवरून भडका उडाला. संघाने जे कबूल केलं ते लोकांना मान्य नव्हतं, तेव्हा स्टँडर्ड मिलचे कामगार उठून थेट घाटकोपरला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या घरी गेले. हे लक्षात घ्या, सामंत गिरणीच्या गेटवर झेंडा लावायला आले नव्हते, कामगार त्यांच्या दारात गेले होते, आणि सुरुवातीला डॉक्टर फार उत्सुकही नव्हते. मग जानेवारीत अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर पडला. त्यांच्या मागण्यांमध्ये पगार होता, बदली कामगारांना (रोज गरजेपुरते घेतले जाणारे) कायम करा होतं, आणि त्याच्या बरोबरीने हा बीआयआर कायदाच रद्द करा हीसुद्धा मागणी होती. संप सुरू झाला त्याच आठवड्यात राज्याचा मुख्यमंत्री बदलला, अंतुले जाऊन बाबासाहेब भोसले आले, म्हणजे सरकार म्हणून बोलायला तरी कोण होतं हाही प्रश्नच.

आता तुम्ही स्वतःला गिरणीमालकाच्या जागी ठेवून बघा. समजा तुम्हाला मनापासून मिटवायचंय. ज्याच्या एका शब्दावर लोक कामावर येतील त्या माणसाशी केलेल्या कराराला कायद्यात किंमत नाही, आणि ज्याच्या सहीला किंमत आहे त्याच्या सांगण्यावरून चाळीतलं पोरगंही उठून यायचं नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. इंजिनिअरिंगच्या कारखान्यांत याच सामंतांबरोबर मालक करार करत होते, कुरकुरत का होईना पण करत होते, कारण तिथे सही कुणाची घ्यायची हे इतकं घट्ट बांधलेलं नव्हतं. गिरण्यांत मालकांना ही अडचण कमी आणि सोय जास्त वाटली असावी हे माझं मत. त्यांना सामंत नकोच होते, कायदा आयता मदतीला होता.

आणि 1984 च्या डिसेंबरमध्ये काय झालं? संप एव्हाना हरलेला होता, लाखाच्या घरात माणसं परत कामावर गेलीच नाहीत, देशभर काँग्रेसची लाट. त्या लाटेत दक्षिण मध्य मुंबईतून सामंत अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. म्हणजे दिल्लीत प्रतिनिधी चालतो, गिरणीच्या फाटकात चालत नाही! या एका निकालावरून तरी कळायला हवं होतं की लोक कुणाला आपला मानत होते.

तुमची नाक दाबायची म्हण मी इथेच वापरतो. कामगारांनी दाबलं, जोरात दाबलं, पण मालकाला श्वास घ्यायची दुसरी सोय होती. गोदामात माल पडून होता, भिवंडीच्या पॉवरलूमवर कापड विणून घेता येत होतं, जुनी यंत्रं तशीही बदलायला झाली होती, आणि गिरणीच्या खालची जमीन दर महिन्याला महाग होत होती. पुढे 1991 च्या विकास नियमावलीत त्या जमिनी विकायची वाट झाली आणि नंतर तिथे काय उभं राहिलं ते लोअर परळला उतरलं की दिसतंच. हे सगळं एकट्या युनियनने केलं म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं.

सामंतांचं चुकलं नाही असं मी म्हणत नाही हां. ताळेबंद बघायचाच नाही, कंपनीला परवडतं का ते मला सांगू नका, ही त्यांची पद्धत प्रसिद्ध होती आणि ती पद्धत चांगल्या चाललेल्या कारखान्यात चालते, आजारी धंद्यात नाही चालत. परतीचा रस्ता न ठेवता संपात उतरणं हे पुढाऱ्याचं पाप आहे. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, यातच सगळं आलं.

तसंच 2013 चं चाकण. बजाजच्या प्लँटमध्ये जूनच्या शेवटी काम बंद झालं, प्रत्येक कामगाराला 500 शेअर एक रुपया भावाने द्या अशी मागणी होती. 50 दिवस गाडं अडलं, कंपनीने काही उत्पादन वाळूजला हलवायची तयारी केली, आणि ऑगस्टमध्ये युनियनने बिनशर्त माघार घेतली, शेअर काही मिळाले नाहीत. तिथे युनियनचं चुकलं हे मी मान्य करतो, ती मागणी टेबलावर बसून सुटण्यासारखी नव्हतीच. पण बघा, तिथे युनियन एकच होती, लोक तिचं ऐकत होते, म्हणून ज्या दिवशी युनियन म्हणाली चला आत, त्या दिवशी लोक आत गेले. 82 मध्ये करार करून हे सांगू शकेल असा कुणी उरला नव्हता.

आता कंत्राटी पोरांचं. 'अर्धी कंत्राटी, एक वाद नाही' हे वाचून मला खरंच काळजी वाटली. कर्नाटकात कोलारजवळ नरसापूरला विस्ट्रॉनचा आयफोन जोडायचा कारखाना होता, बहुतेक सगळी पोरं कंत्राटदारांमार्फत घेतलेली, युनियन नाही, म्हणजे तुमच्या भाषेत वाद नाही. 12 डिसेंबर 2020 ला सकाळी शिफ्ट सुटताना पोरांनी कारखाना फोडला. पगार कमी येतोय, वेळेवर येत नाहीये, बारा-बारा तासांच्या शिफ्ट, हे ती पोरं आधी सांगत होती पण सांगणार कुणाला, कंत्राटदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी कंत्राटदाराकडे. अॅपलने नंतर विस्ट्रॉनला प्रोबेशनवर टाकलं, नवीन काम थांबवलं. तिथे कंपनीने ज्याला फोन करून 'बाबा, पोरांना शांत कर' म्हणावं असा एक पुढारीसुद्धा नव्हता. वाद कानावर येत नाही आणि वाद नाही, यात फरक आहे साहेब.

कानावर का येत नाही त्याचा एक नमुना सांगतो. नाव घेत नाही, याच पट्ट्यातली कंपनी, मी तेव्हा तिथे पर्सोनेलला होतो. सेकंड शिफ्ट साडेतीनची. कंपनीचीच बस, पण रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम सुरू झालं आणि बस रोज पावणेचारला आत यायला लागली. पंचिंग मशीनला काय कळतंय, ते लेट मार्क टाकणार, तीन लेट मार्कला अर्धा दिवस कट. पोरं सुपरवायझरकडे गेली, तो म्हणाला टाइम ऑफिसला सांगा. टाइम ऑफिस म्हणालं ट्रान्सपोर्ट अॅडमिनकडे आहे. अॅडमिनने बसवाल्याला मेल टाकला आणि विषय संपला असं समजून गप्प बसले. पगाराची स्लिप आली तेव्हा बसमधल्या सगळ्यांचा अर्धा-अर्धा दिवस गेलेला. त्यानंतर काही महिन्यांनी युनियनचं मागणीपत्र आलं, त्यात पगारवाढ, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम, कॅन्टीन सगळं होतं आणि बसचा 'ब' पण नव्हता. आमचे डायरेक्टर म्हणाले, बघा, पोरांना कुणीतरी भडकवलंय.

बोलणी रखडली, प्रकरण सहायक कामगार आयुक्तांकडे गेलं. तिथे एका तारखेला बाहेर चहाच्या टपरीवर कामगारांच्या कमिटीतला एक जण मला म्हणाला, 'साहेब, पैशाचं होईल पुढेमागे, पण तुमची बस उशिरा आणि खाडा आमचा, हे कुठलं शास्त्र?' दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड काढलं, सगळ्यांचे कापलेले पैसे मिळून जेवढे झाले तेवढ्यात साहेब लोकांचं एक जेवण पण झालं नसतं. ते परत दिले. लगेच गळ्यात गळे पडले असं काही नाही, पगारवाढीवर त्यानंतरही बरीच ओढाताण झाली, ग्रॉसवर की बेसिकवर यावरून एकदा कमिटी उठून गेली, शेवटी तीन वर्षांच्या करारात ठरलेल्या वाढीतले पहिल्या वर्षी 50 टक्के आणि मग 25-25 असं बसलं. पण त्या तारखेनंतर आवाज खाली आले एवढं नक्की.

तुम्ही म्हणता बाहेरचा पुढारी. मला सांगा, पोरं बाहेरचा माणूस का आणतात? आतला माणूस तोंड उघडतो तेव्हा उद्या त्याच्या हातात चार्जशीट पडू शकते, नाहीतर अचानक त्याची बदली निघते. बाहेरच्याला तुम्ही काय सस्पेंड करणार? आतल्याला बोलायची सोय केलीत तर बाहेरच्याची गरज निम्मी होते. कायद्यानेही बाहेरच्यांवर मर्यादा आहेच, पदाधिकाऱ्यांत एक तृतीयांश किंवा पाच, यात जो आकडा कमी तेवढेच.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय, त्यात वाटाघाटीला बसणाऱ्या एकमेव युनियनसाठी 51 टक्के सभासद लागतात, तेवढे कुणाकडेच नसले तर 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी अशी कौन्सिल. बीआयआरच्या 25 पेक्षा हे कितीतरी बरं. संपाला 14 दिवसांची नोटीस, आणि निम्म्या लोकांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल रजा टाकली तर तोही संपच, हे मला जाचक वाटतं पण तो वेगळा लेख होईल.

तुमच्यापुरतं बोलायचं तर झेंडा लागल्यावर माझा लेख उपयोगाचा नाही हे तुमचं खरंय, तो आधीच वाचायचा होता. 20 किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती लागते, तुमचे 40 आहेत. दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, एक वर्ष अध्यक्ष तुमचा, एक वर्ष त्यांचा, आणि अर्ज आला की 30 दिवसांत निकाल. बहुतेक ठिकाणी ही समिती फाइलमध्येच बसते. तुम्ही खरी बसवा, आणि त्यात तुमच्या मर्जीतला सुपरवायझर कामगार म्हणून घुसवू नका, पोरांना ते पहिल्या मीटिंगलाच कळतं.

आणि तरीही युनियनचं पत्र आलंच तर पत्र घ्या, पोच द्या. गेटवरून परत पाठवू नका. पहिल्याच आठवड्यात दोन 'म्होरके' काढायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच, तो ऐकलात तर ती पोरं अनुचित कामगार प्रथेखाली लेबर कोर्टात जातील आणि तोवर शॉपमध्ये हिरो होतील. त्यापेक्षा सभासद किती, कमिटीत आपल्यातले कोण, हे लेखी मागा आणि त्याच लोकांना चहाला बोलवा. कंत्राटी पोरांचा पगार आणि पीएफ कंत्राटदार खरंच भरतोय का ते याच महिन्यात चलन मागवून तपासा, त्याने बुडवला तर वसुली तुमच्याकडूनच होणार आहे.