एअर शोला नातवंडं न्या, आणि कॅमेराही न्या

"नातवंडं बरोबर आहेत ना, मग तो कॅमेरा ठेव बाजूला. डोळ्यांनी बघ." हे मला घरातून, मैत्रिणींकडून आणि इथे फेसबुकवरही वरचेवर ऐकायला मिळतं. बारशाला, मुंजीला ते खरं असेलही. एअर शोच्या बाबतीत मात्र मला ते साफ नामंजूर आहे. का, ते आज सविस्तर लिहिते.

जानेवारी २०२४ मध्ये, १२ ते १४ तारखेला, हवाई दलाने मरीन ड्राइव्हवर एअर शो केला होता. हवाई दलाची कसरती दाखवणारी पथकं होती: सूर्यकिरणची हॉक जेट विमानं, सारंगची ध्रुव हेलिकॉप्टरं, आकाशगंगाचे पॅराशूटवाले. शनिवारी आम्ही गेलो: मी, तेव्हा चौथीत असलेली नात, पहिलीतला नातू आणि पक्ष्यांचे फोटो काढायला घेतलेली माझी लांबचं जवळ आणणारी १००-४०० मिमीची लेन्स. ठाण्याच्या खाडीत उडत्या रोहित पक्ष्यांमागे (फ्लेमिंगो) कॅमेरा फिरवायची सवय असली की विमानाची भीती वाटत नाही. हात तोच, वेग वेगळा.

नुसतं बघायला नेलेलं मूल एअर शोमध्ये किती वेळ टिकतं? पहिली दहा मिनिटं "वॉव", मग पाणी, मग "अजून किती वेळ?". यात मुलाचा दोष नाही. विमान येतं, तीन सेकंदांत जातं आणि पुढचं येईपर्यंत आकाश रिकामं असतं. त्या रिकाम्या आकाशात काय शोधायचं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. फोटो काढायचा ठरला की ते सांगावंच लागतं, आणि तिथून मूल कामाला लागतं.

काम आदल्या रात्री घरीच सुरू झालं. फोटो काढणाऱ्याचा पहिला प्रश्न उन्हाचा असतो. शोची वेळ दुपारी बारा ते एक. जानेवारीत त्या वेळी मुंबईचा सूर्य जवळजवळ थेट दक्षिणेला असतो, क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या साधारण मध्यावर. गिरगाव चौपाटीच्या टोकाला उभं राहून दक्षिणेकडे बघाल तर ऊन डोळ्यांवर आणि विमानं काळी. दक्षिण टोकाला, एनसीपीए नाट्यगृहाच्या बाजूला उभं राहून मलबार हिलकडे तोंड केलं तर ऊन पाठीशी येतं आणि हॉकचा लाल-पांढरा रंग उजळून निघतो. नातीने हे मोबाईलच्या नकाशावर दिशा लावून स्वतः शोधलं. चर्चगेटला उतरल्यावर सगळी गर्दी एकीकडे निघाली होती, तरी ती न डगमगता म्हणाली, "आजी, आपल्याला डावीकडे जायचंय."

दुसरी गोष्ट तीन बोटांची. हात पूर्ण लांब करायचा आणि मधली तीन बोटं जोडून आकाशावर धरायची. जेवढं आकाश झाकलं जातं, साधारण पाच अंश, तेवढंच ४०० मिमीच्या लेन्समधून आजीला दिसतं. बाकी सगळं आकाश तुमचं. हे ऐकल्यावर दोघांचे चेहरे बदलले. आजीला दिसत नाही म्हटल्यावर आपण बघायलाच हवं! धाकट्याकडे डावीकडचा उघडा समुद्र दिला, नातीकडे मलबार हिलपासून चौपाटीपर्यंतच्या इमारती. धाकट्याने घारीसुद्धा सोडल्या नाहीत, प्रत्येक घार मोठ्याने सांगितली. मी प्रत्येक वेळी वळून बघितलं, कारण त्याचं काम तो चोख करत होता. त्याला एकदा "अरे, ती घार आहे, गप्प बस" म्हटलं असतं तर पुढचं विमान त्याने सांगितलंच नसतं.

मग आवाज. माणूस आवाजाच्या दिशेला बघतो आणि जेट विमान तिथे नसतंच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. विमान एक किलोमीटरवर असेल तर आवाज आपल्यापर्यंत यायला तीन सेकंद लागतात. ताशी ६०० किलोमीटरने उडणारं हॉक तेवढ्यात अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून नियम एकच: आवाज जिथून येतो त्याच्या पुढे बघायचं. पहिलीतल्या मुलाला ३४० चा अर्थ कळत नाही. पण डोळ्यांसमोरून विमान गेलं आणि आवाज मागाहून आला, की तो बोटांवर मोजायला लागतो. वीज चमकल्यावर गडगडाट होईपर्यंत आपण आकडे मोजायचो, तसंच. हे त्याला पुस्तकातून शिकवायला मला किती दिवस लागले असते, सांगता येत नाही.

सूर्यकिरणबद्दल थोडं सांगायलाच हवं. हे पथक १९९६ मध्ये बीदरला सुरू झालं, किरण मार्क-२ विमानांवर. २०११ मध्ये ती विमानं प्रशिक्षणासाठी हवी होती म्हणून पथक थांबलं, आणि २०१५ पासून हॉक मार्क-१३२ वर पुन्हा उभं राहिलं. नऊ विमानं, एकमेकांच्या पंखांत पाच मीटरच्या आतबाहेरचं अंतर. पाच मीटर म्हणजे किती, हे नातीने कठड्याशेजारच्या पदपथावर पावलांनी मोजून बघितलं, मग वर बघितलं, आणि काही वेळ बोललीच नाही.

त्यांचा सगळ्यात अवघड फोटो म्हणजे दोन विमानं समोरासमोरून येऊन एकमेकांना छेदतात तो. दोघांचा वेग मिळून ताशी हजार किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३०० मीटर. कॅमेरा सेकंदाला दहा फ्रेम घेत असला तरी दोन फ्रेमच्या मधे ती विमानं एकमेकांच्या मानाने ३० मीटर सरकतात, आणि हॉकची स्वतःची लांबी साडेबारा मीटरच्या आत. शिवाय लेन्समधून मला एकच विमान दिसतं, दुसरं त्या तीन बोटांच्या बाहेर असतं. हा फोटो एकट्याने काढणं मला जमत नाही, आणि तिथे नातवंडं लागतात हे मी अगदी शब्दशः म्हणते आहे. नात दुसऱ्या विमानावर नजर ठेवून "लांब... लांब... जवळ... आता!" म्हणत होती. त्या "आता"च्या अंमळ आधी बोट दाबावं लागतं, आणि तिचा आवाज चढत जातो त्यावरून ते कळतं. एक फ्रेम मिळाली. दोन्ही विमानं त्यात आहेत, एकाचं पोट आणि दुसऱ्याची पाठ. तो फोटो आम्हा दोघींचा आहे.

हेलिकॉप्टरांची गंमत वेगळी. सारंगच्या लाल ध्रुववर मोर रंगवलेला असतो आणि मुलांना तो लगेच सापडतो. जेटसाठी मी शटर स्पीड, म्हणजे कॅमेऱ्याची झडप उघडी राहण्याचा वेळ, १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवते. त्याच वेगाने हेलिकॉप्टर टिपलं तर पाती जागच्या जागी गोठतात. १/१२५ ला आणलं की पात्यांचं फिरणं दिसतं, पण हात जरा हलला तरी सगळंच हलतं. दोन्ही फोटो मागच्या स्क्रीनवर दाखवले. नात म्हणाली, "पहिल्यात ते बंद पडलंय." शटर स्पीड म्हणजे काय ते तिला त्यानंतर कधी सांगावं लागलं नाही.

आणि बदाम! दोन विमानं धुराने आकाशात बदाम काढतात तेव्हा ४०० मिमी लेन्स काही कामाची नाही, त्यात फक्त एक पांढरी रेघ मावते. तिथे मोबाईल लागतो, आणि तो नातीच्या हातात होता. झूम न करता, खाली समुद्र आणि माणसांची डोकी ठेवून तिने तो घेतला. (तो धूर डिझेलचा असतो. इंजिनाच्या तप्त झोतात सोडलं की डिझेलची वाफ होते आणि थंड हवेत तिचे बारीक थेंब होऊन पांढरी रेघ उमटते. धाकट्याला वाटत होतं की विमानाला आग लागली. ही शंका तिथल्या तिथे फेडणं फार गरजेचं होतं.)

त्याच शंकेतून पुढचा प्रश्न आला. "यांच्यातलं कोणी पडत नाही का?" मी खरं सांगितलं. १९ फेब्रुवारी २०१९ ला बंगळुरूजवळ येलहंका इथे सरावात सूर्यकिरणची दोन हॉक विमानं एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. हे नातवंडांना सांगू नये असं घरात काहींचं मत पडलं. माझं मत उलट आहे. पाच मीटरच्या अंतरात किती जोखीम आहे हे माहीत असलेलं मूलच त्या पायलटसाठी मनापासून टाळ्या वाजवतं.

पण एक गोष्ट मी निघण्याआधीच ठरवून ठेवलेली असते. काही विपरीत झालं तर कॅमेरा खाली आणि मुलांची तोंडं आपल्याकडे. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या एअर शोमध्ये आपल्या हवाई दलाचं तेजस लढाऊ विमान कोसळलं, विंग कमांडर नमांश स्याल गेले आणि तासाभरात ते चित्रण फोनाफोनांवर फिरत होतं. मी ते पुढे पाठवलं नाही आणि मुलांना दाखवलंही नाही. त्यांना बातमी मी तोंडाने सांगितली. ज्यांनी पाठवलं त्यांना मनापासून विनंती, पुन्हा करू नका. त्या माणसाच्या घरातही मुलं असतात.

आता आयोजकांशी बोलायचंय. बारा वाजताचा एअर शो ही चुकीची वेळ आहे. जानेवारीतल्या मुंबईत निभावून जातं. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर अकरा ते एक शो झाला, लाखो माणसं उन्हात उभी होती, आणि ऊन व गर्दी यांच्या त्रासाने पाच माणसं दगावली. विमानं बघायला गेलेली माणसं परत आली नाहीत, याहून वाईट काय असतं! एअर शोची गर्दी म्हणजे निम्मी मुलं आणि त्यांना सांभाळणारे आमच्यासारखे आजी-आजोबा, हे धरूनच सगळं आखायला हवं: सावली, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं, आणि शो संपल्यावर स्टेशनकडे जायला मोकळी वाट. यातलं काहीच विमान उडवण्याइतकं अवघड नाही.

वेळ बदलली तर उजेडाचाही फायदा होईल. मुंबईचा समुद्र पश्चिमेला, म्हणून इथे सकाळी नऊचा शो हवा, कोवळं ऊन बघणाऱ्यांच्या पाठीशी येईल. चेन्नईचा समुद्र पूर्वेला, तिथे दुपारी चारनंतरचा. कलत्या उन्हात विमानाच्या पोटाखालीही उजेड पोचतो, रंग उठतात आणि मुलांना डोळे बारीक करून बघावं लागत नाही.

घरी आल्यावरचं काम माझ्या मते सगळ्यात मोलाचं. रात्री तिघं बसून फोटो निवडले. नियम मुलांनीच केले: पायलटचं हेल्मेट दिसतंय का, शेपूट कापली गेली आहे का, पुढे उडायला जागा आहे का. बहुतेक सगळे पुसले. धाकट्याने एका फोटोसाठी हट्ट धरला, त्यात विमान अगदी कोपऱ्यात आणि बाकी नुसतं निळं आकाश. "पण हे मी सांगितलेलं विमान आहे." ठेवला.

जाणार असाल तर मुलांसाठी कानांवर बसणारे इअरमफ जरूर न्या, नुसत्या कापसाने भागत नाही. टोपी, पाणी, आणि लेन्स कधीही सूर्यावर न रोखण्याची सक्त ताकीद, डोळा कायमचा जाऊ शकतो. मोठी लेन्स नसेल तरी अडत नाही. साधा फोन मुलाच्या हातात द्या आणि आकाशाची वाटणी करा.

नाशिक, नागपूर, पुणे, बंगळुरूकडे कोणी नातवंडांना घेऊन एअर शो बघितला असेल, तर कुठे उभे होतात आणि ऊन कोणत्या बाजूला होतं ते खाली नक्की लिहा. नात पुढच्या शोची जागा आत्तापासून शोधते आहे.