सावलीत लावलेली गाडी

मी अजून चिडलेलो आहे हे आधीच सांगून टाकतो. पुढे विनोद कुठे आंबट लागला तर समजून घ्या.

बेळगावला बायकोच्या मामेभावाच्या मुलाची मुंज होती. फोंड्याहून चोर्ला घाटाने निघायचं. हिरव्या पाटीची, विजेवरची गाडी आल्यापासून आमच्या घरी प्रवासाला नुसतं निघता येत नाही, आधी आराखडा मंजूर व्हावा लागतो. पूर्वी घाटाआधी पातळभाजी-पाव कुठे खायचा एवढाच वाद असायचा. आता चार्जर जिथे असेल तिथे भूक लागते. कंपनीच्या कागदावर गाडी एका चार्जमध्ये तीनशे किलोमीटरच्या वर जाते. रस्त्यावर मात्र एसी लावून, चार माणसं आणि सासूबाईंनी बांधून दिलेला आहेर घेऊन दोनशे झाले तरी देव पावला म्हणायचं. त्यात घाट. दीड टनाची गाडी सात-आठशे मीटर वर चढवायची म्हणजे नुसत्या चढाला साडेतीन-चार युनिटं लागतात, आणि बॅटरी सगळी मिळून तीस युनिटांची. उतारावर ब्रेक मारताना थोडी वीज परत मिळते हे खरं आहे, पण तो उतार परतीच्या वाटेवर. जाताना नुसता हात जोडून चढायचं. वर कणकुंबी, मग जांबोटी, सगळं रान. फोनला रेंज आली तर आली.

तरी जमलं असतं. पण आदल्या रात्री मे महिन्यातला तो पहिला गडगडाट झाला आणि लाईट गेली. घरच्या पंधरा अँपियरच्या प्लगवर गाडी रिकामीची पूर्ण व्हायला दहा तास लागतात. पहाटे पाहिलं तर ती निम्मीसुद्धा भरली नव्हती.

महामार्गावर दर २५ किलोमीटरला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चार्जिंग स्टेशन असावं, असं केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत छापलेलं होतं. छापलेलं वाचून गाडी चढत असती तर मी तो कागद बॉनेटवर चिकटवला असता. ॲपवर आमच्या वाटेत, घाटाच्या अलीकडे, एका हॉटेलच्या आवारात एक फास्ट चार्जर दिसत होता. गन, म्हणजे गाडीत खुपसायचं वायरीचं तोंड, एकच. 'उपलब्ध' असा हिरवा ठिपका. ठिपका खरा होता. चार्जर खरंच उपलब्ध होता, फक्त त्याच्यासमोर एक पांढरी डिझेल गाडी उभी होती. इंजिन चालू, एसी चालू, सीट मागे पाडलेली आणि खिडकीतून बाहेर आलेला एक पाय. अंगठ्याला निळी चिकटपट्टी.

मी काच वाजवली. ती चार बोटं खाली आली आणि आतली गार हवा माझ्या घामावर येऊन आदळली.

"काका, गाडी जरा मागे घेता? चार्जिंग करायचंय."

"कर मरे. मी कुठे नको म्हणतोय?"

"तुमची गाडी चार्जरपुढे आहे."

"चार्जरपुढे नाही," काका शांतपणे म्हणाले, "सावलीत आहे."

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? चार्जरवर पत्र्याचं छप्पर होतं आणि त्या अख्ख्या आवारात सावली म्हणून तेवढीच. मी म्हटलं, वायर इथवर येत नाही. तेव्हा काका उतरले. मला वाटलं, झालं काम. ते गेले थेट मशीनकडे, गन काढली आणि वायर ताणून बघू लागले. "एवढी जाडी आणि एवढी आखूड! लांब नाही घ्यायची?" मी सांगितलं की आत जाड तांबं असतं, वजन वाढतं, म्हणून लांब ठेवत नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि माझी गाडी त्या कुंड्यांवरून तिरपी घालायला सुचवलं. वॉचमनला हाक मारली. तो म्हणाला, "मशीन कंपनीचं, आम्ही फक्त कुंड्या बघतो." म्हणजे कुंड्यांचा मार्गही बंद.

मग चौकशी सुरू झाली. मायलेज किती? बॅटरी गेली तर किती लाख? पावसात शॉक बसतो का? गन गाडीत बसून लॉक झाल्याशिवाय वीज सोडतच नाही, हे मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. पेट घेते म्हणे? आणि घाटात मध्येच संपली तर?

"म्हणूनच इथे चार्ज करायचीय, काका."

"बरोबर. माणसाने तयारी ठेवावी."

हे सगळं त्यांच्या चालू इंजिनाच्या आवाजावरून ओरडून चाललं होतं. डिझेल माझ्या पायांवर गरम श्वास टाकत होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. बायकोने गाडीतून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मुहूर्ताचीच होती.

मी आवाज चढवणार एवढ्यात काकांनी शेवटचं शस्त्र काढलं. "तू खंयचो?"

"फोंड्याचा."

"फोंड्यात कुठे?"

"कवळ्याला."

"कवळ्याला कुणाचा? देवळाच्या पाठीमागची घरं, विहिरीकडची?"

विहिरीकडचीच. त्या घरातली थोरली सून, म्हणजे माझी मोठी काकू, ही काकांची मावसबहीण निघाली. गोव्यात कुणावर भडकायचं असेल तर पहिल्या दोन मिनिटांत भडकून घ्यावं, नंतर नातं निघतं. मी 'अरे वा' म्हणालो. मनात जे म्हणालो ते काकूला कळता कामा नये.

"आता तरी गाडी घेता मागे?"

"घेतली असती रे," काका कळवळून म्हणाले, "पण बायको आत आहे. बाहेर आल्यावर गाडी जागेवर नसली तर तिला सापडत नाही. फोन गाडीतच ठेवून गेलीय. पाच मिनिटां."

आवार केवढं? सात-आठ गाड्यांचं. त्यात पांढरी ही एकच. गाडी मागे घ्यायची होती ती दहा फूट.

काकांच्या मिसेस बऱ्याच वेळाने आल्या, रुमालाने हात पुसत. चार्जर पाहिला, मला पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याची जागा अडवून बसलात?" गाडी क्षणात मागे गेली. आत्तापर्यंत मी एवढं बोललो ते कुणाशी?

पुढे ॲप. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, पाकीट वेगळं आणि प्रत्येकात माझे थोडे थोडे रुपये अडकून पडलेले. ते काढता येत नाहीत आणि तेवढ्यात चार्जिंगही होत नाही. नव्याने पैसे भरले, ओटीपीसाठी फोन उंच धरून कुंड्यांभोवती फिरलो आणि शेवटी गन लागली. ८० टक्क्यांना थांबायचं असं नेमून ठेवलं, कारण त्यापुढे बॅटरी फार सावकाश भरते.

काका गेले नाहीत. आतून प्लास्टिकची खुर्ची आणून स्क्रीनसमोर बसले आणि टक्के मोठ्याने वाचत राहिले. ८० झाले तेव्हा ते मला कवळ्याच्या विहिरीचा वाटणीचा वाद सांगत होते, दंड धरून. काकूच्या मावसभावाचा हात कसा झटकायचा?

त्याबद्दल ॲपने अडतीस रुपये कापले. चार्जिंग संपल्यावर जागा अडवल्याचं शुल्क. माझ्याकडून! डिझेल गाडी तासभर तिथे झोपली होती, तिला एक पैसा नाही, कारण तिच्यावर ॲप नाही.

मी बेळगावात पोचल्याबरोबर तक्रार टाकली. मुंज लागून गेली होती, जेवणं चालली होती आणि मी जिलबीच्या पानावर एका हाताने टाईप करत होतो. सगळं सविस्तर लिहिलं, चिकटपट्टीसकट. परवा उत्तर आलं: पुढच्या वेळी गन वेळेवर काढावी, आणि आपला अनुभव पाच ताऱ्यांत कळवावा.