विमानाचे दात

सेकंडहँड वस्तू घेण्यात आमच्या घराण्याचा हात धरणारं कुणी नाही. स्कूटर सेकंडहँड, फ्रिज सेकंडहँड, दुकानातलं रिवाइंडिंगचं मशीन तर तिसऱ्या हातचं. त्यामुळे मी जुनं विमान बघायला निघालो तेव्हा घरात कुणी ‘विमान कशाला?’ असं विचारलं नाही. हिनं एवढंच विचारलं, "मालक कितवा?"

चौथा होता.

मी साताऱ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. पंचेचाळिशीत लोकांना गुडघे सुरू होतात, मला विमान सुरू झालं. चाळीस तास उडायचं, लेखी परीक्षा, डॉक्टरी तपासणी, रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना, हे सगळं करून खासगी वैमानिक झालो. तेवढ्यावर भागलं असतं. पण पुतणीनं ते बघितलं आणि तिलाही वैमानिकच व्हायचं झालं. तेही पगारी. त्याला २०० तास लागतात. तासाचा दर ऐकून भाऊ दोन दिवस नीट जेवला नाही.

तेव्हा मला हिशेब सुचला. आपणच एक लहान विमान घ्यावं. आठवडाभर पुतणी शिकेल, आणखी चार पोरं शिकतील, रविवारी मी त्यातून पुण्याला जाऊन तांब्याची तार घेऊन येईन. आमच्याकडं ट्रॅक्टरही याच हिशेबानं घेतात. आपली नांगरट होईल आणि भाड्यानंही जाईल. (त्यातले बरेच ट्रॅक्टर सध्या बँकेच्या आवारात आहेत.)

हिशेबाचा पहिला टायर महिन्याभरात फुटला. व्यावसायिक परवान्यासाठी शिकायचं तर मान्यताप्राप्त संस्थेतच. खासगी विमानात काकानं पुतणीला फिरवून आणलं, तर त्याला काकाचं प्रेम म्हणतात, प्रशिक्षण म्हणत नाहीत.

दुसरा टायर भूगोलाचा. साताऱ्याला धावपट्टी नाही. जिल्ह्यातली धावपट्टी कराडला, कोयना प्रकल्पाच्या काळातली. पुणे माझ्या उत्तरेला ११० किलोमीटर आणि कराड दक्षिणेला ५०. म्हणजे पुण्याला जाण्यासाठी मी आधी मोटारीनं कराडला जायचं, तासभर विमान तपासायचं, उड्डाणाचा आराखडा भरायचा, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा नंबर घ्यायचा, मग उडायचं आणि पंधरा मिनिटांत परत माझ्याच घरावर यायचं.

"मग तिथूनच खाली उडी मारा," ही म्हणाली. "भाकरी गरम मिळेल."

बरं, पुण्याला उतरायचं तर लोहगाव हा हवाई दलाचा तळ. तिथं ‘साहेब, दोन मिनिटं टेकवू का?’ म्हणून चालत नाही. त्याची परवानगी वेगळी. तोवर साताऱ्याची एसटी खंबाटकी उतरून, वडापाव खाऊन स्वारगेटला लागलेली असते.

एवढं कळल्यावर शहाणा माणूस थांबला असता. पण सेकंडहँडवाल्यांचं एक वाक्य असतं, त्याच्यापुढं शहाणपण टिकत नाही. ‘बघायला काय पैसे पडतात?’

विमान होतं सेसना १५२. दोन जागा, ११० अश्वशक्ती, पंख छपरासारखे डोक्यावर. ही विमानं १९७७ ते १९८५ या काळात साडेसात हजारांवर निघाली, आणि जगभरच्या शिकाऊ पोरांनी ती धावपट्ट्यांवर आपटली. हे १९७९ चं. म्हणजे पुतणीपेक्षा दुपटीनं मोठं. मालक स्वतः वैमानिक, ते मुद्दाम दाखवायला कराडला घेऊन आले होते. सांगितलेली किंमत साताऱ्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढी. फरक इतकाच, की फ्लॅट उभा राहिला की महाग होतो.

पुण्याहून एक परवानाधारक विमान इंजिनिअर बोलावला होता. आणि घरून आबांना घेतलं होतं.

आबा म्हणजे माझे चुलते. वय ७४, कराडजवळ पाच एकर ऊस. पुसेगाव असो की खरसुंडी, जनावरांची एक जत्रा त्यांनी चुकवली नाही. खिल्लार खोंड लांबून चालताना बघून ते सांगतात, मागचा डावा उद्या लंगडणार. भले भले हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, त्यांना बघून जागा बदलतात. विमानातलं त्यांना काही कळत नव्हतं. पण विकणाऱ्यातलं कळत होतं.

आबा आधी जवळ गेलेच नाहीत. विमान तीन दाव्यांनी बांधलेलं होतं, दोन पंखांना आणि एक शेपटीला. वाऱ्यानं उलटू नये म्हणून लहान विमानं बांधूनच ठेवतात. आबांना ते फार पटलं. लांबून एक फेरी मारून त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "दाताला कसं हाय?"

जनावराचं वय दातांवरून काढतात. मालक माझ्याकडं बघायला लागले. मी भाषांतर केलं, "इंजिनाचे तास किती झालेत?"

"अठराशे सत्तर."

या इंजिनाची साधारण २००० तासांना पूर्ण खोलाई करायची असते, आणि तिचा खर्च ऐकून पुन्हा भाऊच आठवतो. मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "मंजे जुळल्यालं हाय. आन किंमत दोनदातीची सांगत्यात." (जुळलेलं म्हणजे सगळे दात येऊन वय झालेलं, दोनदाती म्हणजे कोवळं.)

मग ते पुढं झाले आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी थाप मारायला त्यांनी विमानाच्या नाकावरच्या पंख्यावर हात टाकला. इंजिनिअर किंचाळलाच. या इंजिनाला मॅग्नेटो असतो, त्याला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. कुठं तार सुटलेली असेल तर हातानं पंखा हलला तरी इंजिन उचल खातं. बंद दिसणाऱ्या पंख्यालाही चालूच समजायचं, असा नियम आहे. आबांनी हात मागं घेतला.

"मारकं हाय म्हना की. आदी सांगायचं."

इंजिनिअरनं चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासलं. ते ऐंशीपैकी मोजतात. ७४, ७२, ७१ आणि चौथ्याला ५८. तीन पोरं पास, एक काठावर. तिसरा मालक गेल्यावर चार वर्षं विमान उडालंच नव्हतं. कागद तीन वह्यांत असतात. एक सांगाड्याची, एक इंजिनाची, एक पंख्याची. तिन्हीत ती चार वर्षं कोरी. मालक म्हणाले, "तेवढाच वापर कमी झालाय."

"उबा बैल बिगडतो," आबा म्हणाले.

इंजिनिअर चमकून आबांकडं बघायला लागला. कारण खरं तेच आहे. इंजिन नुसतं उभं राहिलं की आतल्या कॅमशाफ्टवरचं तेल निथळतं आणि गंज धरतो. त्याला हे चार वर्षं कॉलेजात शिकवलं होतं.

पुढच्या अर्ध्या तासात आबांनी विमानाची अब्रूच काढली. खूर बघावा तसं चाक बघितलं. भोवरे बघावेत तसे रिव्हेट बघितले, एका ठिकाणी ते नव्या धाटणीचे निघाले. मग खांद्यावरचा टॉवेल सिमेंटवर अंथरून ते पोटाखाली आडवे झाले. मीही झालो. बॅटरीच्या उजेडात पुढच्या चाकाच्या मागं पत्र्याला एक सुरकुती होती, झोपेतून उठल्यावर गालावर उशीची असते तशी. वर तिथं नवा पांढरा रंग. बाकी सगळं विमान पिवळट आणि एवढाच हातभर तुकडा लग्नाला निघाल्यासारखा.

"हे तोंडावर पडल्यालं हाय," आबा आडवे पडूनच म्हणाले.

इंजिनिअरनं आत पाय ठेवायच्या जागी डोकं घालून बघितलं. इंजिन आणि माणसं यांच्यामध्ये एक पत्रा असतो, फायरवॉल म्हणतात त्याला. पुढच्या चाकाचा दणका तिथंच जातो. शिकाऊ पोरानं नाकावर उतरवलं की तो पत्रा चुरगळतो. चुरगळलेला होता. पंख्याच्या वहीत ‘पंखा बदलला’ एवढीच ओळ होती. का बदलला, ते लिहायला शाई संपली असावी.

मालक भले होते. ते म्हणाले, हे त्यांच्याही आधीचं असणार. सेकंडहँडच्या धंद्यात सगळं कायम आधीचंच असतं. मीही मोटार विकताना तेच सांगतो.

व्यवहार तिथंच संपला होता. पण विमान उभं, इंधनाचे पैसे गेलेले, त्या दिवशीच्या उड्डाणाची परवानगी हातात. मालक म्हणाले, "एक चक्कर तर घ्या." मी पुढं झालो, तर आबा आधीच दारात.

"तू परवानावाला हायस. तू बसशील कवाबी."

एका तासाला बाविसेक लिटर जळणारं ते निळं पेट्रोल पूर्ण भरलं आणि दोन दणकट माणसं बसली, की या विमानात पेढ्याच्या चार पुड्यांपुरतीच जागा उरते. म्हणून मालकांनी अदबीनं विचारलं, "बाबा, आपलं वजन किती?"

"कारखान्याच्या काट्यावरचं सांगू का खरं?"

अशा रीतीनं ज्याला विमान घ्यायचं होतं तो इंजिनिअरबरोबर खाली उन्हात उभा राहिला आणि ज्याला घ्यायचं नव्हतं तो वर गेला. कृष्णेच्या बाजूला एक वळसा, मग उसाच्या पट्ट्यावर दोन. दुसरा वळसा जरा जास्तच तिरका वाटला. तिसरा तर ठरलेला नसावा.

आबा उतरले ते एक शब्द न बोलता. मला वाटलं, डोकं गरगरलं असेल. पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरलं. मग खाली बसून त्यांनी बोटानं धुळीत आपल्या शेताचा चौकोन काढला, आणि त्याची एक बाजू पुसून आत वळवली.

"बांद कोरलाय. चालताना समजत न्हाय, वरनं सापावानी दिसतोय. तीन-चार फूट आत आलाय धाकल्या भावकीचा."

मग ते उठले, टॉवेल झटकून त्यांनी उजव्या हातावर टाकला आणि बैलबाजारात टॉवेलाखाली बोटांनी भाव ठरवताना करतात तसा हात मालकांपुढं धरला. मालकांनी गोंधळून आपला हात टॉवेलाखाली घातला. बराच वेळ आत बोटं चालली. मालकांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"आबा!" मी ओरडलो. "फायरवॉल चुरगळलीय त्याची!"

"गप. इकत न्हाय घेत. एका फेरीचं ठरवतोय." टॉवेलाखालचा हात तसाच ठेवून त्यांनी मालकांना विचारलं, "तलाठ्याला दावून आनायचाय. जरा जड हाय पर त्यो. नव्वद किलो. खरं."