कर नाही त्याला डर कशाला?

‘कर नाही त्याला डर कशाला’ हे वचन उच्चारणारी माणसे मला नेहमी रांगेत माझ्या मागेच उभी असलेली आढळतात. त्यांना घाई असते, आणि माझा मोबाईल नंबर मी कशासाठी अडवून धरला आहे हे त्यांना समजत नाही. वास्तविक माझ्याजवळ लपवण्यासारखे काहीही नाही. कर पेन्शनमधूनच परस्पर कापला जातो, देणे कोणाचे नाही, आणि दिनक्रम असा की माझ्यावर पाळत ठेवण्याचे काम एखाद्या गुप्तहेराला दिले तर तो आठवडाभरात बदलीचा अर्ज करील. तरीही औषधाच्या दुकानात ‘काका, मोबाईल नंबर?’ असा पुकारा झाला की माझ्या पोटात गोळा येतो.

मी गेलो होतो खोकल्याचे औषध आणायला. नंबर सांगताच काउंटरवरच्या मुलाने संगणकात डोकावून पाहिले आणि आपले गिऱ्हाइकावर किती बारीक लक्ष आहे हे साऱ्या दुकानाला कळावे अशा खणखणीत आवाजात विचारले, ‘काका, मूळव्याधीचे मलम संपले असेल ना? दोन ट्यूबवर एक फ्री आहे.’ मूळव्याध हा भारतीय न्याय संहितेच्या कोणत्याही कलमाखाली गुन्हा नाही, आणि डॉक्टरांपुढे त्याविषयी मी कधीही हातचे राखून बोललेलो नाही. परंतु मागे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. संध्याकाळपर्यंत मला सुरणाच्या भाजीच्या तीन पाककृती मिळाल्या, आणि चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी ताकाचा तांब्या पाठवला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी वर्गणीचा विषय काढताना मोठ्या आपुलकीने विचारले, ‘बसून बोलायचे, की उभ्यानेच बरे?’

मी कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, त्यात लपवण्यासारखे काय आहे?’ यावर मी त्यांना त्यांचा कोथरूडचा जुना फ्लॅट कितीला गेला एवढेच विचारले. ‘निघाले आपले ठीकठाक,’ असे म्हणून त्यांनी विषय पावसाकडे वळवला. त्या व्यवहारात काही काळेबेरे असेल असे मला मुळीच वाटत नाही. त्यांना तो आकडा मला सांगायचा नव्हता, इतकेच. आणि माझेही म्हणणे तेवढेच आहे.

पूर्वीच्या वाण्यालाही आमचे सगळे ठाऊक असे, हा यावरचा ठरलेला आक्षेप. ठाऊक असे हे खरे. महिनाअखेरीला आमच्याकडे साखर कमी जाते, पाहुणे आले की तूप वाढते, हे त्याच्या उधारीच्या वहीत स्वच्छ लिहिलेले असे. पण त्याचा मुलगा गणितात कितव्यांदा बसला आहे हे आम्हालाही ठाऊक होते, त्यामुळे दोन्हीकडची तोंडे वेळेवर बंद राहत. दुकानातल्या संगणकाला मुलगा नाही. माझ्या मलमाची नोंद तिथून कोणाकोणाकडे जाते आणि गुडघ्याच्या तेलापासून वैयक्तिक कर्जापर्यंतचे मेसेज मला कोणाच्या कृपेने येतात, हे विचारायचे तरी कोणाला?

सोसायटीच्या फाटकावरची वही तर याहून भाबडी. तिच्यात नाव, मोबाईल नंबर, कोणाकडे, वेळ आणि ‘कामाचे स्वरूप’ असे रकाने आहेत, आणि आपली ओळ लिहिताना वरच्या पंधरा ओळी वाचण्याची मुभा प्रत्येकाला आहे. माझी भाची आमच्याकडे राहायला होती तेव्हा एका स्थळाची मंडळी आली. मुलाचे वडील सरळमार्गी. त्यांनी शेवटच्या रकान्यात ठळक अक्षरांत ‘मुलगी पाहणे’ असे लिहिले. चहाला आधण येण्यापूर्वीच ही बातमी सर्व मजल्यांवर पोचली होती. ते जमले नाही. पुढच्या रविवारी दुसरे स्थळ आले, आणि पोह्यांवरचे खोबरे बाजूला सारत मुलाच्या आईंनी गोड आवाजात विचारले, ‘मागच्या रविवारी आलेल्यांचे कुठे अडले?’ भाचीने काही केले नव्हते. पण पुढचा अर्धा तास ती आणि आम्ही सगळे खुलासेच करत बसलो.

खुलासे करण्याची ही पाळी किती दूर जाऊ शकते, हे खरकसिंग यांच्या खटल्यात दिसते. उत्तर प्रदेशातल्या या गृहस्थांना १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पकडले आणि पुराव्याअभावी सोडून दिले; तरीही पोलिसांनी त्यांच्या नावाची ‘हिस्ट्री शीट’ उघडली आणि रात्री-अपरात्री दार ठोठावून ते घरी आहेत ना, याची खात्री करण्यास सुरुवात केली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रात्रीच्या या भेटी बंद केल्या, परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने सांगितले. हे मत बदलायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा हक्क मान्य केला, आणि तो मागणारे याचिकाकर्ते होते उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी. त्यांनी काय लपवले असेल, असे सेक्रेटरींना विचारण्याची मला फार इच्छा आहे.

मोबाईल नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावले. हे बळ पाठीशी घेऊन मी कापडाच्या एका मोठ्या दुकानात दोन बनियन घेतले आणि नंबर देण्यास नम्रपणे नकार दिला. ‘नंबराशिवाय बिल पुढेच जात नाही हो काका,’ असे काउंटरवरची मुलगी काकुळतीने म्हणाली. मी विभागाची सूचना सांगू लागलो. मागच्या रांगेतून ‘कर नाही त्याला’ सुरू झाले. शेवटी तिने सुस्कारा सोडून स्वतःचाच नंबर घातला आणि बिल निघाले.

तेव्हापासून माझी तिथली सगळी खरेदी तिच्या नंबरावर होते. माझ्या खरेदीचे पॉइंट तिला मिळतात, मला शांतता मिळते, आणि संगणकाच्या दृष्टीने ती बावीस-तेवीस वर्षांची मुलगी आता लांब बाह्यांचे गंजीफ्रॉक आणि कानटोप्या वापरते. परवा मी नुसताच दुकानावरून चाललो होतो, तर ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, ‘काका, या महिन्यात काहीच नाही का? मला ड्रेसला ऐंशी पॉइंट कमी पडताहेत.’