आपट्याचं पान आणि तिसरा नंबर

दसरा गुरुवारी झाला, पण आमच्याकडे सोनं वाटायला शनिवार उजाडला. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये सणसुद्धा पंचांग बघून येत नाहीत, मीटिंगा बघून येतात. एल कमिनो रिआलवरच्या वाणसामानाच्या दुकानाबाहेर ढकलगाड्या लावतात, त्याच्या शेजारी गुडघाभर उंचीची सिमेंटची भिंत आहे. तोच कट्टा. नानांनी घरच्या कांचनाची पानं पिशवीतून आणली होती. आपटा इथे मिळत नाही, पण कांचन त्याच्याच जातकुळीतला, पान तसंच मधोमध चिरलेलं. शिवाय नावातच सोनं.

चहाचे कप हातात आले आणि पराग उगवला. अंगात नायनर्सची, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिकन फुटबॉल टीमची लाल जर्सी, पाठीवर 5 नंबर, वर ‘लान्स’. धुऊन धुऊन 5 चा पांढरा रंग पोपडे धरायला लागलाय.

“आला,” मेधाताई म्हणाली. “दसऱ्याचं सोनं लुटायला पितळ घालून आला.”

झालं. नायनर्स-रॅम्सची मॅच सगळ्यांनीच बघितली होती, जादा वेळेतल्या चौथ्या डाऊनपर्यंत, म्हणजे शेवटच्या प्रयत्नापर्यंत. त्यामुळे प्रस्तावना कोणी केली नाही. ती मी करतो. लान्स हा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, टीमचा म्होरक्या. कॉलेजातली नवी पोरं टीम दरवर्षी ड्राफ्टमध्ये नंबराने निवडतात, हरणारी आधी, जिंकणारी शेवटी. त्या नंबराला पिक म्हणतात, सगळ्यांच्या एका फेरीला राउंड, आणि पिक दुसऱ्या टीमला देता येतो. 2021 ला नायनर्सनी मायामीला बारावा आणि शिवाय पुढचे काही पिक देऊन तिसरा घेतला, आणि त्यावर लान्स.

संत्या म्हणाला, “मला एकच सांगा. 2021 ला सगळं जग म्हणत होतं की तिसऱ्या नंबरला मॅक जोन्स घेणार. नाही घेतला. चार वर्षांनी तोच स्वस्तात आला, नेहमीच्या पर्डीच्या पायाचा अंगठा दुखतोय म्हणून उभा राहिला आणि रॅम्सना त्यांच्या घरात हरवून आला. समोर रॅम्सच्या बेंचवर गारोपोलो, तेव्हाचा आपला क्वार्टरबॅक. म्हणजे तेव्हाचे सगळे पाहुणे हजर. आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो कुठाय?”

“त्याच स्टेडियममध्ये असतो,” मेधाताई. “त्याची टीम चार्जर्स, तिचं घरही तेच ना. त्याची फक्त बसायची पाळी वेगळ्या दिवशी येते.”

परागने कप भिंतीवर ठेवला. पराग कप खाली ठेवतो तेव्हा समजायचं की आता ‘प्रोसेस’ हा शब्द येणार.

“तुम्ही लोक रिझल्ट बघता. प्रोसेस बघा. क्वार्टरबॅक ही या खेळातली...”

“आली,” संत्या म्हणाला. नानांनी हसू दाढीत लपवलं.

“...सगळ्यात महत्त्वाची जागा. तिथे चान्स घ्यावाच लागतो. आणि हे बघ.” त्याने फोन काढला. जिमी जॉन्सन या कोचचा, पिकची किंमत गुणांत सांगणारा तो जुना तक्ता, डॅलसवाल्यांनी नव्वदच्या दशकात केलेला. पहिल्या पिकला 3000 गुण, तिसऱ्याला 2200, बाराव्याला 1200. “फरक किती? हजार. म्हणजे बारावरून तीनवर जायला हजार गुणांचा माल द्यायचा. एवढंच.”

“आणि दिला किती?”

“पुढच्या दोन वर्षांचे फर्स्ट राउंड. आणि एक तिसऱ्या राउंडचा.”

“ते दोन्ही पिक शेवटी कितव्या नंबरला आले?”

पराग गप्प. मेधाताईला पाठ होतं. “29 आणि 29. तुझ्याच तक्त्यात बघ, 29 ला 640 आहेत. दोनाचे किती झाले? आणि हे कधी, तर टीम चांगली खेळली म्हणून ते खाली घसरले. वाईट खेळली असती तर आणखी महाग पडले असते. दुकानदाराला कोरा चेक देऊन आलास आणि वर सांगतोस की आकडा छोटा पडला.”

नाना म्हणाले, “पण तक्त्याला काय एवढं धरून बसायचं? त्या थेलरनं, नोबेल मिळालं ना त्याला, त्यानं आणि मॅसीनं केव्हाच लिहून ठेवलंय की वरच्या नंबरांना लोक नेहमी जास्त भाव देतात. आपल्याला पारख आहे असं प्रत्येकाला वाटतं.”

“नाना, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?” पराग कळवळला.

“मी चहाच्या बाजूने आहे.”

मेधाताईची बाजू कोणती हे मात्र स्पष्ट असतं. ती पंचवीस वर्षं ओकलंडची, तिथल्या रेडर्स टीमवाली. 2020 ला रेडर्स लास वेगासला गेले. त्यावर तिचं वाक्य आम्हाला पाठ आहे: “नवरा पळून गेला असता तर पोटगी तरी मिळाली असती.” तेव्हापासून नायनर्सचा कुठलाही निर्णय तिच्या तावडीतून सुटलेला नाही. परागने नेहमीप्रमाणे तिथेच बोट घातलं.

“ताई, तुम्ही तर बोलूच नका. 2007 ला पहिला नंबर जमार्कस रसेलवर घालवला तुम्ही. मागे कॅल्विन जॉन्सनसारखा हिरा उभा होता!”

“घालवला. पण आम्ही तो नंबर विकत घेतला नव्हता रे. सोळापैकी चौदा मॅच हरून घाम गाळून कमावला होता.”

संत्याला ठसका लागला. चहा नाकात गेला. परागला पाठ थोपटायला लागली, म्हणून दोन मिनिटं विषय थांबला. संत्या मूळचा क्रिकेटवाला, डोंबिवलीचा. फुटबॉल त्याला आयपीएलच्या भाषेत समजावून सांगावं लागतं, आणि खरं सांगायचं तर त्याच भाषेत आम्हालाही जास्त नीट कळतं. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, “म्हणजे हा पवन नेगी का? दिल्लीने साडेआठ कोटी दिले 2016 ला, आणि वर्षभर बॉलिंगच दिली नाही धड?”

“नाही, हा स्टार्क,” पराग. “24 कोटी 75 लाख. सगळे हसले. आणि क्वालिफायरला नि फायनलला काय केलं त्याने?”

“स्टार्क खेळला तरी,” मेधाताई.

“आणि लिलावात पैसे जातात,” संत्या हळूहळू, बोटं मोडत म्हणाला. “पुढच्या वर्षी पुन्हा पैसे येतात. इथे पोरं जातात. पुढच्या तीन वर्षांची पोरं.”

नाना त्याच्याकडे बघत राहिले. चार वर्षांत संत्या फुटबॉलवर पहिल्यांदाच काही शहाणपणाचं बोलला होता. त्याला एक पान जास्त मिळालं.

परागच्या हातात एक खरा मुद्दा होता, तो मी प्रामाणिकपणे लिहितो. 2011 पासून नव्या पोरांचे पगार बांधलेले. चार वर्षं क्वार्टरबॅक स्वस्तात मिळतो, आणि वाचलेल्या पैशात बाकीची टीम उभी करता येते. लान्ससाठी धावपळ केली ती त्यासाठीच. “आणि झालं काय?” पराग म्हणाला. “तेच झालं! स्वस्त क्वार्टरबॅक, भारी टीम, 2024 च्या फेब्रुवारीत सुपर बोलची फायनल. जादा वेळेत हरलो, तीन पॉइंटनी. प्लॅन बरोबर होता. फक्त माणूस दुसरा निघाला.”

“पर्डी. 262 वा,” नाना म्हणाले. “ड्राफ्टमधला शेवटचा.”

“हो. पण प्लॅन...”

“अरे, वाडा बांधायला बापाची जमीन विकलीस,” मेधाताई म्हणाली. “वाडा बांधताना पडला. दुसऱ्या दिवशी रस्त्यात नोटांचं पुडकं सापडलं. आणि तू गावभर सांगतोस की हिशोब जुळला. पर्डी सापडणारच होता, जमीन विकली असती काय नि नसती काय. जमीन राहिली असती तर वर आणखी काही असतं का नाही?”

ह्यावर पराग म्हणाला, “ते तू आज बोलतेस.” ते खरंच होतं, पण आवाज पडलेला होता.

मग ‘वर आणखी काही’चा पाढा सुरू झाला. तो बारावा नंबर हात बदलत बदलत डॅलसकडे गेला आणि त्यांनी मायका पार्सन्ससारखा भारी खेळाडू घेतला. दोन्ही 29 मायामीने नोटांसारखे खर्चले. एक देऊन टायरीक हिल आणला. दुसरा डेन्व्हरला देऊन ब्रॅडली चब. तोच दुसरा डेन्व्हरकडून पुढे न्यू ऑर्लीन्सला गेला, शॉन पेटनला कोच म्हणून सोडवून घ्यायला. एका पिकवर एक खेळाडू आणि एक कोच!

“आणि मायामीने काय दिवे लावले?” पराग ओरडला. “2000 सालापासून एक प्लेऑफची मॅच जिंकली नाहीये त्यांनी!”

इथे मात्र सगळेच हसलो. मेधाताईसुद्धा. हा पॉइंट परागचा.

नाना म्हणाले, “पार्सन्सचं सोड. बारावर बसून राहिले असते तर आपल्या लोकांनी पार्सन्सच घेतला असता असं कोण सांगतं? मागं वळून बघितलं की सगळेच ज्योतिषी. माझा प्रश्न वेगळाय. व्यवहार केला मार्चच्या शेवटी. ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी. महिनाभर गाव विचारतंय, कोण? कोण? आणि उत्तर नाही.”

“म्हणजे हॉल आधी बुक केला,” मेधाताई म्हणाली, “आणि मुलगी बघायला नंतर निघाले.”

“आणि जेवणाचा अॅडव्हान्स तीन वर्षांचा,” संत्या.

नायनर्सच्या कोचचं, शॅनहनचं, ते वाक्य मग निघालंच. गारोपोलो रविवारी टीममध्ये असेल का, असं विचारल्यावर साहेब म्हणाले होते की रविवारी जगात कोण जिवंत असेल याचीही मी हमी देऊ शकत नाही. मुलाकडच्या लोकांनी बैठकीत असं बोलायचं म्हणजे कठीणच.

आता हॉल निघाला म्हटल्यावर परागचं घर निघणं अपरिहार्य होतं. 2022 च्या वसंतात त्याने मागितलेल्या किमतीवर चार लाख डॉलर चढवून घर घेतलं. रेल्वेच्या रुळाला खेटून. कॅलट्रेन गेली की त्याच्याकडे बोलणं थांबवून सगळे भांड्यांकडे बघतात. “ह्याचा स्वभावच ट्रेड अप करायचा,” मेधाताई म्हणाली. परागने लगेच ‘शाळा चांगली आहे’ हा मुद्दा काढला. त्याला मूल 2024 ला झालं. त्याच झपाट्यात नायनर्सच्या लिव्हाय स्टेडियममधल्या उन्हातल्या सीटा पण निघाल्या. सप्टेंबरात पूर्वेकडच्या बाजूला आम्हाला याने बसवलं होतं, वीस डॉलर वाचतात म्हणून. नानांच्या टकलावर त्या मॅचची खूण आठवडाभर होती.

“ज्याला कुठे स्वस्त घ्यायचं आणि कुठे महाग हे कळत नाही, तो प्रोसेस शिकवतो,” नाना म्हणाले. त्यांना ती सीट अजून टोचते.

आणि नाना एकदा बोलायला लागले की रॉजर्स येतो, पुढे दिग्गज झालेला क्वार्टरबॅक. 2005. पहिला नंबर हातात. चिकोचा पोरगा, बर्कलीत शिकलेला, लहानपणापासून नायनर्सचा भक्त, हात जोडून उभा. आणि घेतला अॅलेक्स स्मिथ. रॉजर्स 24 व्या नंबरपर्यंत ताटकळत बसला, कॅमेरे त्याच्या तोंडावर. हे आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की ‘कॅमेरे त्याच्या तोंडावर’ सगळे एकदमच म्हणालो. नाना रागावले नाहीत. यावेळी त्यांनी पुढे एक वाक्य जोडलं, जे पूर्वी कधी जोडलं नव्हतं.

“पण स्मिथ वाईट नव्हता. जवळजवळ दरवर्षी डावपेच आखणारा कोऑर्डिनेटर नवा, डावपेचांचं पुस्तक नवं. 2011 ला एका कोचने नीट हात धरला, तर फायनलच्या दारात नेऊन सोडलं त्यानं. सहा वर्षं लागली. सहा वर्षं थांबले तरी.”

मग बोलणं थोडं संथ झालं. कारण पुढचं सगळ्यांना माहीत होतं. 18 सप्टेंबर 2022, सिअॅटलशी मॅच, आणि आम्ही चौघं स्टेडियममध्ये. टेलगेटला, म्हणजे मॅचआधीच्या पार्किंगमधल्या खाण्याला, मेधाताईचे बटाटेवडे, नायनर्सच्या मॅचला रेडर्सची काळी टोपी घालून आलेली ती एकटी. पराग त्या दिवशी नवीकोरी हीच जर्सी घालून. पहिल्याच क्वार्टरमध्ये लान्स मधून पळाला, खाली गेला, आणि उठला नाही. घोटा. सगळी टीम त्याला न्यायला आलेल्या गाडीभोवती जमा झाली. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी त्या स्टेडियममध्ये पुन्हा ऐकली नाही. मॅच आपण सहज जिंकलो, ते रात्री घरी गेल्यावर लक्षात आलं.

“सुरुवातीपासून खेळला चार मॅच,” मेधाताई म्हणाली. आवाज बदलला होता. “अॅरिझोनाला हरला, ह्यूस्टनला जिंकला, शिकागोच्या पावसात तळ्यात उभा राहून हरला, चौथीत घोटा गेला. त्याच्या आधी कॉलेजात एक आख्खा हंगाम. 28 टचडाऊन, इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याने पकडलेला पास, एकही नाही. पुढचं वर्ष कोविडने खाल्लं, एकच मॅच. हे पोरगं नापास झालं असं मी कधीच म्हटलेलं नाही. त्याचा पेपरच कोणी तपासला नाही. भाव तुमचा चुकला आणि नाव त्याचं खराब झालं. वर्षभराने डॅलसला देऊन टाकला. कशाच्या बदल्यात? चौथ्या राउंडच्या एका पिकच्या.”

कोणी काही बोललं नाही. दुकानातला पोरगा ढकलगाड्यांची लांब साखळी ढकलत आला, आम्ही पाय वर घेतले.

“म्हणून तर घालतो,” पराग पुटपुटला.

“काय?”

“जर्सी. तू म्हणतेस तेच. म्हणून घालतो.”

मेधाताईने त्याच्याकडे बघितलं. मग नानांच्या पिशवीतून एक पान काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. “घे. सोनं घे, सोन्यासारखा राहा. फर्स्ट राउंड आहे, जपून ठेव.”

परागचे डोळे भरल्यासारखे झाले. तेवढ्यात संत्या त्याच्या पाठीमागे जाऊन 5 चे पोपडे नखाने खरवडून बघत होता.

“पराग्या, ही विकणार का? माझ्या मुलाला गाडी धुवायला हवीय.”

“विकायची नाहीये.”

“चौथ्या राउंडचा पिक देतो.”

नाना हसता हसता भिंतीवरून घसरले, त्यांची पिशवी उलटी झाली आणि सगळं सोनं पार्किंगमध्ये उडालं. एका टेस्लावाल्याने हॉर्न वाजवला. मेधाताई वाकून पानं गोळा करत होती आणि खालूनच ओरडत होती, “देऊ नकोस! तिसऱ्याच्या खाली येऊ नकोस!”

पराग विचार करत होता. खरंच करत होता.

“तिसरा,” तो म्हणाला, “आणि वर दोन वडापाव.”

“एक. आणि चटणी तुझी.”