‘२० डेसिबलचा पंखा घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. ‘पीसीचा आवाज बंद करायचाय?’ असा मथळा आणि खाली पाच फर्मानं. खोक्यावर २० डेसिबलपेक्षा कमी लिहिलेलाच पंखा घ्या. पंखे कमीत कमी ठेवा, जितके पंखे तितका गोंगाट. सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा फेकतो त्याचा) आकडा मोठा तो पंखा चांगला. लिक्विड कूलर (प्रोसेसर पाण्याने थंड करणारा) लावला की आवाज शून्य. आणि पंख्याचा वेग कमी करू नका, प्रोसेसर जळेल.

दुसऱ्या फर्मानापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. पंख्याचा आवाज वेगाबरोबर नुसता वाढत नाही, उसळतो. वेग अर्धा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. उलट, त्याच वेगाचा दुसरा तसाच पंखा शेजारी बसवला तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. आता हिशेब करा. एक पंखा मिनिटाला १४०० फेऱ्यांवर पळवण्याऐवजी दोन पंखे ७०० वर फिरवले तर हवा जवळपास तेवढीच ओढली जाते, आणि आवाज १२ डेसिबल कमी. १० डेसिबल उतरले की आवाज कानाला साधारण निम्मा वाटतो. म्हणजे ‘आवाज नको’ म्हणून केबिनेटमधला एक पंखा काढून टाकणारा माणूस उरलेल्याला जास्त पळवून आवाज वाढवूनच घेतो!

मोठ्या पंख्याचंही हेच. १४० मिलिमीटरचा पंखा १२० वाल्याच्याच वेगाने फिरवला तर तो जास्तच वाजेल. त्याचा फायदा एवढाच की तेवढ्याच हवेसाठी त्याला कमी फिरावं लागतं.

पहिलं फर्मान डेसिबलच्या आकड्याचं. तो आकडा खोटा असतोच असं नाही, पण तो तुमच्या घरातला नसतो. पंखा शांत खोलीत मोकळा धरून मोजलेला असतो, पुढे जाळी नाही, मागे रेडिएटर (लिक्विड कूलरचं पाणी थंड करणारी दाट जाळी) नाही. शिवाय किती अंतरावरून मोजला हे प्रत्येक खोक्यावर असतंच असं नाही. मोकळ्या जागेत एक मीटरऐवजी अर्ध्या मीटरवर कान नेला की ६ डेसिबल वाढले. तोच पंखा केबिनेटच्या पत्र्यात ठोकून काढलेल्या जाळीला चिकटवून बसवला की पात्यांना तुटक हवा मिळते आणि एक बारीक सूर लागतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून पंखा निवडण्यात म्हणूनच अर्थ नाही.

सीएफएमबद्दल थोडक्यात: तो आकडाही पुढेमागे काहीच अडथळा नसतानाचा. पंखा रेडिएटरवर किंवा दाट फिल्टरमागे बसणार असेल तर स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलायची ताकद, बघा. मागच्या बाजूने मोकळी हवा बाहेर फेकायची असेल तर सीएफएम बघितलं तरी चालतं.

लिक्विड कूलरला रेडिएटर असतो, रेडिएटरवर पंखेच असतात आणि वर पंप असतो. शून्य कुठून येणार? एक गोष्ट मात्र खरी आहे. पाणी सावकाश तापतं, त्यामुळे पंख्यांचा वेग पाण्याच्या तापमानावर बांधला तर ते उगाच उसळत नाहीत.

हे उसळणंच खरा त्रास देतं. एकसारखी घूं कान विसरून जातो. ब्राउझर उघडला की वूंऽऽ, दोन सेकंदांत गप्प, परत वूंऽऽ, हे कान विसरत नाही. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, पंख्याने वेग बदलण्याआधी काही सेकंद वाट बघायची सोय बऱ्याच मदरबोर्डांवर असते. ती वापरा, फुकट आहे.

माझंच सांगतो. दुकानातून जोडून आणलेलं मशीन पहिल्या दिवसापासून पिठाच्या गिरणीसारखं चालायचं. नवे पंखे मागवण्याच्या बेतात होतो. बाजूचा पत्रा उघडला तर पुढचे तिन्ही पंखे पॉवर सप्लायच्या मोलेक्सला (नुसती वीज देणाऱ्या कनेक्टरला) थेट जोडलेले. म्हणजे कायम १२ व्होल्ट, कायम पूर्ण वेग. त्यांचे तीन पिनांचे कनेक्टर बाजूला लोंबतच होते. ते मदरबोर्डच्या फॅन हेडरना (पंख्यांसाठीच्या पिनांना) लावले, तरी आवाज तोच! कारण बायॉसमध्ये हेडर पीडब्ल्यूएमवर (चौथ्या पिनेवरच्या सिग्नलने वेग ठरवण्यावर) होते, आणि ती पद्धत चार पिनांच्या पंख्यांसाठी आहे; तीन पिनांचा पंखा तिथे पूर्ण वेगानेच फिरतो. डीसी (व्होल्ट कमी-जास्त करून वेग ठरवणं) निवडलं आणि गिरणी थांबली. अर्धा तास गेला, पैसा एकही नाही.

राहिलं प्रोसेसर जळण्याचं. आजचे प्रोसेसर जास्त तापले की स्वतःच वेग उतरवतात, त्यापुढे गेलं तर मशीन बंद करतात. एएमडीच्या २०२२ सालच्या रायझेन ७००० मालिकेतले बरेचसे प्रोसेसर तर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे चालण्यासाठीच बनवलेत. मात्र जानेवारीत बसवलेली सेटिंग एप्रिल-मेमध्ये एकदा तपासा. खोली ३८ अंशांवर असेल तर जगातला कुठलाच पंखा आतली हवा त्याखाली नेणार नाही.

आणि नवा पंखा घेण्याआधी वाजतोय कोण ते शोधा. मशीन चालू असताना केबिनेटच्या पंख्याच्या मधल्या गोल स्टिकरवर बोट हलकेच टेकवून तो क्षणभर थांबवा. पात्यांना हात लावू नका. आवाज गेला तर चोर सापडला, नाही तर पुढचा पंखा. माझ्याकडे सगळे पंखे निर्दोष सुटले तरी रात्री एक खर्जातली घुमघुम उरलीच होती. ती निघाली जुन्या हार्ड डिस्कची. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०, आणि अख्खा पत्रा तिच्या सुरात सूर मिसळत होता. स्क्रूखाली चार रबरी वॉशर घातले.